पेज पातळ का होती : हर्णे बंदराजवळच्या एका वाडीतलं प्रकरण

जून २०२३ मध्ये आम्ही एका मुलीला पहिल्यांदा टांगत्या काट्याच्या झोळीत बसवलं तेव्हा ती १४ महिन्यांची होती. वजन भरलं ७.१ किलो. दंडाला रंगीत पट्टी गुंडाळली, ती १२ सेंटिमीटरवर थांबली. ही पट्टी ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांसाठी असते. ११.५ सेंटिमीटरच्या खाली लाल, ११.५ ते १२.५ पिवळी, त्याच्या वर हिरवी. ही मुलगी पिवळ्यात होती. लाल पट्टीतल्या मुलासाठी लगेच धावपळ सुरू होते, डॉक्टर तपासतात, ग्राम बाल विकास केंद्रात किंवा दवाखान्यात नाव जातं. पिवळ्यातलं मूल घरीच राहतं आणि पुढच्या महिन्यात बघू म्हणता म्हणता एखाद्या पावसाळ्यात लाल होतं. म्हणून इथे सबंध प्रकल्पाचा अहवाल न देता या एका मुलीची जून ते नोव्हेंबरची हकिगत सांगते आहे. तिचं, तिच्या घरच्यांचं आणि वाडीचं नाव घेत नाही. का घेत नाही ते पुढे येईलच.

मी कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेची स्वयंसेविका. ही योजना १९६९ पासून चालू आहे आणि स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तासांचं काम करायचं असतं. आमच्या युनिटने दापोली तालुक्यातलं, हर्णे बंदराच्या अंगाचं एक गाव घेतलं होतं आणि त्यातल्या मच्छीमार वाडीत बालकल्याण आणि पोषणशिक्षणाचा प्रकल्प ठरला. दुसऱ्या वर्षाला असल्यामुळे गटप्रमुख मला केलं. हाताखाली नऊ जणं. मी स्वतः त्याच तालुक्यातली, पण डोंगराकडच्या शेतकरी घरातली. घरापासून समुद्र तासाभरावर, तरी कोळीवाड्यातला दिवस कधी सुरू होतो आणि कधी संपतो हे मला ठाऊक नव्हतं. पुढच्या बऱ्याच चुका त्यातून झाल्या.

घर आणि महिना

घरात सहा माणसं. मुलीचे वडील दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी. आई बंदरावर लिलावात मासळी घेऊन पाटीत भरून दापोलीच्या बाजारात विकायची. तिच्यावरची दोन भावंडं, एक शाळेत जाणारं, एक अंगणवाडीत. आणि आजी, म्हणजे वडिलांची आई. उजव्या कानाने आजींना जवळजवळ ऐकूच यायचं नाही.

आम्ही प्रकल्प जूनमध्ये सुरू केला तो एक हिशोब करून. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, बंदर शांत. तेव्हा बायका घरी असतील, सभेला येतील, निवांत ऐकतील. कॉलेजच्या सरांनाही हा हिशोब पटला होता.

तो साफ चुकला. बंदीच्या दोन महिन्यांत घरात पैसा येत नाही. खलाशाने मालकाकडून उचल घेतलेली असते, ती पुढच्या हंगामात वळती व्हायची असते. म्हणून या दोन महिन्यांत बायका आसपासच्या गावांत लावणीच्या मजुरीला जातात. या मुलीची आई सकाळी सातला घराबाहेर पडायची ती दिवेलागणीला कमरेपर्यंत चिखल घेऊन परतायची. खरं तर लावणीच्या दिवसांत आमच्याच शेतात अशा बायका येतात. त्यांच्याबरोबर ओळीने भात लावत मी लहानाची मोठी झाले. त्यांची धाकटी पोरं तेव्हा कुणाजवळ असतात, हा प्रश्न मला तोवर कधी पडला नव्हता.

पहिली सभा

जूनच्या शेवटच्या आठवड्यात अंगणवाडीत माता सभा ठेवली. मी तक्ता केला होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतले (२०१९-२१) महाराष्ट्राचे आकडे वर मोठ्या अक्षरांत : पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी, २५.६ टक्के उंचीच्या मानाने कृश, ३६.१ टक्के कमी वजनाची. खाली प्रथिने, कर्बोदके, स्निग्ध पदार्थ असे रकाने आणि चित्रं : सफरचंद, पनीर, बदाम, अंडं, दुधाचा पेला. चित्रं बाजारात मिळतात तीच चिकटवली होती. त्यात एकही मासा नव्हता. समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या वाडीत मी हा तक्ता लावला आणि तेव्हा मला त्यात काहीही खटकलं नाही.

आया चारच आल्या, बाकी सगळ्या आज्या. मी बोलले, त्यांनी ऐकून घेतलं. शेवटी मी वही उघडली आणि ज्या मुलांची वजनं कमी भरली होती त्यांची नावं वाचून दाखवली. माझ्या मनात एवढंच होतं की घरच्यांना कळावं आणि त्यांनी अंगणवाडी ताईंना भेटावं. तिसरं नाव या मुलीचं होतं. पुढचं वाक्य आजींना ऐकू गेलं नसावं. नाव आणि ‘कुपोषित’ हा शब्द मात्र गेला. त्या उठल्या.

“आमच्या घरात उपाशी कोन हाय गो? तू येऊन बघलंस?”

त्या निघून गेल्या. त्यांच्या मागून दोघी गेल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही गृहभेटीला गेलो तर दार लोटलेलं, आतून पोरीच्या रडण्याचा आवाज, पण हाकेला उत्तर नाही. पुढचे पंधरा दिवस असंच चाललं.

या चुकीवर मी मुद्दाम थांबते, कारण आपल्याकडच्या कितीतरी सभांत हे सर्रास होतं. मुलाचं वजन ही त्या घरची खाजगी गोष्ट आहे. दवाखान्यात डॉक्टर चारचौघांत कुणाचा रिपोर्ट वाचून दाखवत नाहीत. मग अंगणवाडीच्या पडवीत तो का वाचायचा? ‘कुपोषित’ हा शब्द आमच्यासाठी तक्त्यावरचा रकाना होता. आजींच्या कानाला तो “तुम्ही पोराला उपाशी मारता” असा ऐकू आला, आणि रोजच्या बोलण्यात तो शब्द तसाच लागतो. त्या दिवसापासून आमच्या गटात नाव मोठ्याने वाचणं बंद झालं. वजन सांगायचं ते त्या घरात, त्या माणसाला, हळू आवाजात. आणि “वजन थोडं मागे आहे” एवढंच म्हणायचं.

जवळा निवडताना

दार उघडलं ते अंगणवाडी ताईंमुळे. त्या म्हणाल्या, “वही इथेच ठेव. अकरा वाजता माझ्याबरोबर चल. काही शिकवायचं नाही. बसायचं.”

अकरा ही वेळ त्यांनी नीट विचार करून निवडली होती. सकाळी पाणी, शाळेचं पोर, अंगणवाडीचं पोर, भाकऱ्या यांत आजींना श्वास घ्यायला फुरसत नसायची. अकराला त्या पडवीत सूप घेऊन बसायच्या. आम्ही गेलो तेव्हा सुपात जवळा, म्हणजे सुकवलेली बारीक कोळंबी होती. पावसाळ्याच्या तोंडावर भरून ठेवलेली बेगमी : जवळा, थोडे सोडे, खारवलेला बांगडा. मी आजींच्या डाव्या बाजूला बसले आणि न विचारता निवडायला लागले. जवळ्यात वाळूचे कण असतात, शिंपल्याचे बारीक तुकडे असतात, मधेच एखादी काडी. पहिली दहा मिनिटं आजी माझ्याशी बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “डोळं बरं हायत तुझं. माझ्या हातून वाळू राहती.”

बोलता बोलता पोर उठलं. आजींनी चुलीजवळची वाटी आणली. स्टीलची, बोटभर खोल. तांदळाची पेज. त्यांनी वाटी थेट पोरीच्या ओठांना लावली. चमचा नव्हताच. पेज इतकी पातळ की वाटीचा तळ दिसत होता आणि तळाशी आठ-दहा शितं. मुलीने गटागटा पिऊन टाकली, पोट टम्म झालं, आणि दोन मिनिटांत मांडीवर पेंगायला लागली. आजी समाधानाने म्हणाल्या, “बघ. पोट भरलं की झोपती.”

पोट भरलं होतं हे खरं होतं. हिशोब मी घरी जाऊन मांडला. मूठभर, म्हणजे साधारण २५ ग्रॅम तांदूळ अर्धा लिटर पाण्यात शिजवले तर दीडशे मिलिलिटरच्या वाटीत सात-आठ ग्रॅम तांदूळ येतात. शंभर ग्रॅम तांदळात साडेतीनशे कॅलरी धरल्या तर वाटीत पंचवीस-सव्वीस कॅलरी. एक ते दोन वर्षांच्या, आईचं दूध चालू असलेल्या मुलाला दुधाव्यतिरिक्त दिवसाला सुमारे ५५० कॅलरी लागतात. ही मुलगी आईजवळ रात्रीच प्यायची. दिवसभरात तीन वाट्या पेज, दोनदा चहात बुडवलेलं बिस्किट, कधी घासभर भात. लहान मुलाचं पोट त्याच्या मुठीसारखं लहान. ते पाण्याने भरलं की अन्नाला जागा उरत नाही. चहाचं आणखी एक आहे. त्यातल्या टॅनिनमुळे जेवणातलं लोह अंगी लागत नाही, आणि इथे तर चहा हेच दोन वेळचं जेवण होतं.

अंगणवाडीचा आहार कुठे गेला, असं कुणी विचारेल. एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. जानेवारी २०२३ मध्ये बदलण्यापूर्वीच्या तिच्या निकषाप्रमाणे ६ महिने ते ६ वर्षांच्या मुलाला दिवसाला ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं मिळतील असा पूरक आहार द्यायचा होता. पण तीन वर्षांवरचं मूल अंगणवाडीत बसून गरम खातं, आणि तीन वर्षांखालच्या मुलाला घरपोच आहार मिळतो. घरी आलेलं पाकीट एका मुलाच्या नावावर असलं तरी घरात मुलं तीन. आजी ते शिजवून तिघांना वाढायच्या. कोणती आजी एकाला वाढून दोघांना बघत बसवेल? मजुरीला जाणाऱ्या आयांच्या लहानग्यांसाठी सरकारची ‘पालना’ ही अंगणवाडीला जोडलेल्या पाळणाघराची योजना आहे, पण या वाडीत पाळणाघर नव्हतं. म्हणजे सहा महिने ते तीन वर्षं, जेव्हा मुलाचं खाणं घडतं किंवा बिघडतं, तेव्हाच ते पूर्णपणे घरच्या माणसाच्या हातात होतं. त्या घरी ते माणूस आई नव्हतं. आमच्या प्रकल्पाच्या कागदावर मात्र ‘लाभार्थी : माता’ असं छापलेलं.

त्या आईला मी आधीही भेटले होते, लावणीवरून परत येताना, रस्त्यात. तिने चिखलाचे पाय नळाखाली धरत सांगितलं होतं, “बाय, मला सगळं ठावं हाय. मोठ्या दोघांना मी घट्ट भातच भरवला. पण आता मी घरात असते कवा?” तेव्हा मला ती टाळते आहे असं वाटलं होतं.

ठसका

पेज पातळ का, हे मी त्या दिवशी विचारलं नाही. दुसऱ्या भेटीतही नाही. गरिबी म्हणून तांदूळ पुरवून वापरतात, हे उत्तर मी मनात धरूनच ठेवलं होतं. तिसऱ्या भेटीत, जुलैच्या मध्यावर, बाहेर धो धो पाऊस, आम्ही सोडे निवडत होतो. मी सहज म्हटलं, “आजी, भात थोडा घट्ट कालवून दिलात तर नाही चालणार?”

आजींचा हात सुपात थांबला. मग त्यांनी सांगितलं. मुलगी आठ महिन्यांची असताना त्यांनीच भाताचा घास भरवला होता. शितांचा गोळा अडकला. पोर निळं पडलं. घरात दुसरं कुणी नव्हतं. हाका मारल्या, पण पलीकडून कुणी ओ दिली की नाही तेही त्यांना ऐकू आलं नाही. शेवटी त्यांनी पोरीला पालथं घातलं, पाठीवर थापट्या मारल्या आणि गोळा बाहेर पडला. सुनेला त्यांनी हे सांगितलं नव्हतं. सांगितलं तर सून पोर सोडून धंद्याला जाणार नाही, आणि धंद्याला गेली नाही तर घर चालणार नाही.

“तवापासनं पेजच,” आजी म्हणाल्या. “पेज अडकत नाय.”

सहा महिने ती बाई रोज एकटीने ही भीती बाळगून पोर सांभाळत होती. घरात तांदूळ होता, जवळा होता, माया तर काठोकाठ होती. आणि आम्ही तिच्यासमोर प्रथिने आणि कर्बोदकांचा तक्ता धरून उभे होतो.

इथे आमच्या प्रकल्पाला वेगळं वळण लागलं. ‘पेज घट्ट करा’ हे सांगणं योग्यच होतं, पण त्या घरात ते पाळलं जाणं शक्य नव्हतं. घट्ट असेल आणि तरी अडकणार नाही, असं अन्न आम्हाला हवं होतं.

नाचणी

उत्तर आमच्या कोकणात जुनंच आहे. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, मंद आचेवर जराशी शेकायची आणि दळायची. मोड येताना दाण्यात अमायलेज नावाचं विकर तयार होतं, ते पिष्टाचे लांब धागे तोडतं. त्यामुळे या पिठाची लापशी शिजल्यावर खळीसारखी चिकट होत नाही. साध्या पिठाची लापशी दोन चमचे पिठात घट्ट होते, मोडाच्या पिठाची त्याहून बरंच जास्त पीठ घातलं तरी सरसरीत राहते. म्हणजे त्याच वाटीत अन्न जास्त, गुठळी नाही, आणि गिळायला सोपं. शिवाय नाचणीच्या शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदळात त्याच्या जवळपासही नाही.

नाचणी आमच्या घरची होती. मी दोन किलो आणली. पण जुलैमध्ये कोकणात काय वाळतं? पहिल्या खेपेला मोड आले आणि सुकवता सुकवता तिसऱ्या दिवशी कुबट वास यायला लागला. सगळी टाकून दिली. बुरशीचा संशय असलेलं धान्य लहान मुलाला द्यायचंच नाही, याबाबत मी गटात कुणाचं ऐकलं नाही. दुसऱ्या खेपेला आजींनीच तोड काढली. फडकं अंथरलेलं सूप चुलीच्या वर, धुराच्या वाटेतून बाजूला, दोरीने टांगलं आणि दिवसातून चार वेळा हाताने परतलं. खडखडीत वाळली. मग तव्यावर अगदी हलकी शेकली. जास्त भाजली की मोडांचा तो गुण जातो, हे मी सांगितलं, आणि किती म्हणजे जास्त हे आजींनी वासावरून ठरवलं.

पहिली लापशी आजींनी आधी स्वतः खाल्ली. जीभ टाळ्याला लावून बघितली, गुठळी लागते का. मग मुलीला मांडीवर आडवं न घेता ताठ बसवलं. हे आम्ही नर्सबाईंकडून शिकून आलो होतो : मूल सरळ बसलेलं हवं, घास चमच्याच्या टोकावर, पहिला गिळला की दुसरा, आणि हसताना-रडताना भरवायचं नाही. ठसका लागलाच तर पाठीवर कुठे आणि कसं थापटायचं हेही नर्सबाईंनी येऊन दाखवलं. त्यांनी आजींना सांगितलं की तुम्ही त्या दिवशी केलंत ते बरोबर होतं, म्हणून पोर वाचलं. आजींनी पदर डोळ्यांना लावला. आमच्या सगळ्या सत्रांत मिळून जेवढं काम झालं नसेल तेवढं त्या एका वाक्याने केलं, असं मला आजही वाटतं.

चमचा कलता केला तर लापशी ओघळून जाऊ नये, चमच्यावर धरून राहावी, ही खूण आम्ही ठरवली. आजींनी तीच धरली. ग्रॅम आणि कॅलरी त्यांना लागल्या नाहीत.

जवळा आणि जुलाब

लापशी जमल्यावर मला घाई झाली. डोळ्यासमोर जवळा होता, प्रथिनांनी आणि कॅल्शियमने भरलेला, घरात फुकट. धुऊन, वाळू काढून, खरपूस भाजून, मिक्सरला वस्त्रगाळ करून चिमूटभर मऊ भातात. आजींचा आक्षेप होता की मासळी बाळाला गरम पडते. त्यांना पटेपर्यंत मी थांबायला हवं होतं. मी आईला पटवलं आणि आईने आजींना सांगितलं.

चौथ्या दिवशी मुलीला जुलाब सुरू झाले.

वाडीत एकच बोलणं, कॉलेजच्या पोरीने जवळा घालून पोर आजारी पाडलं. त्याच आठवड्यात त्याच विहिरीवरच्या आणखी दोन घरांत जुलाब होते आणि पावसाने विहिरीचं पाणी गढूळ झालं होतं, हे सगळ्यांना दिसत होतं. आमच्या गटातले दोघे वाद घालायला निघाले होते. मी त्यांना थांबवलं. जवळा बंद केला. आशा ताईंनी क्षारसंजीवनीची पुडी एक लिटर पाण्यात कशी कालवायची ते दाखवलं, चौदा दिवसांच्या झिंकच्या गोळ्या दिल्या. कवचधारी मासळीची काही मुलांना अ‍ॅलर्जी असते, म्हणून डॉक्टरांनाही दाखवलं. अंगावर पुरळ नाही, ओठ सुजलेले नाहीत, श्वास ठीक. त्यांनी पाण्याकडेच बोट दाखवलं. ग्रामपंचायतीने विहिरीत पाणी निर्जंतुक करायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली.

खरी अडचण वेगळीच होती. जुलाब लागले की खाणं तोडायचं, हा समज आजींपासून डोंगरावरच्या माझ्या आजीपर्यंत सगळ्यांचा. मुलगी तीन दिवस पुन्हा पाण्यासारख्या पेजेवर आली. जुलैअखेर वजन ७.० किलो. म्हणजे महिन्याभराच्या धडपडीनंतर शंभर ग्रॅम कमी. त्या संध्याकाळी मी सरांना फोन करून म्हटलं की गटप्रमुख दुसऱ्या कुणाला करा. सर म्हणाले, आजींकडे उद्या अकराला जाणार आहेस ना, ते जाऊन ये, मग बोलू.

गेले. आजींनी आधीच लापशी शिजवायला घेतली होती.

पुढचे महिने

१ ऑगस्टला होड्या निघाल्या, आई पहाटे बंदरावर जायला लागली. आता मी तिला बंदरावरच भेटायचे. ओल्या वाळूवर ढीग मांडलेले, लिलावाचा गलका, आणि त्यात पाटीला टेकून तिच्याशी पाच मिनिटं. घरी मिळाली नसती अशी मोकळी पाच मिनिटं तिथे मिळत. पुढे आजींनीच ठसक्याची गोष्ट सुनेला सांगितली. आई मला एवढंच म्हणाली, “आय लई येकटी पडली व्हती.” त्यानंतर तिने एक नेम केला. मुलीसाठी रोज दोन-तीन मांदेली किंवा एखादी तारली बाजूला काढायची, संध्याकाळी उकडून काटा स्वतः काढायचा आणि भरवायचं. सुका जवळा पंधरा दिवसांनी पुन्हा सुरू झाला, एका चिमटीने, या वेळी आजींच्या मर्जीने. भातावर चमचाभर तेल, म्हणजे पंचेचाळीस कॅलरी. नारळ घरात असेल त्या दिवशी नारळाचा रस. सकाळच्या चहाच्या जागी केळं आलं. संध्याकाळचा चहा-बिस्किट काही सुटला नाही, मुलगी आजींच्या कपाकडे हात करते आणि आजींना नाही म्हणवत नाही. तो विषय मी सोडून दिला.

सप्टेंबर हा पोषण माह. दरवर्षी पाककृती स्पर्धा होते, थाळ्या सजतात, फोटो निघतात, आणि ज्याच्यासाठी हे सगळं ते मूल तिथे नसतं. आम्ही स्पर्धा घेतली नाही. त्याऐवजी अकरा वाजता पाच घरांतल्या आज्या एका पडवीत जमायच्या, प्रत्येकीचं नातवंड बरोबर, आणि तिथेच शिजवून तिथेच भरवायचं. बोलायच्या त्याच. नाचणी वाळवायची ती टांगत्या सुपाची युक्ती तिथून पाचही घरांत गेली. एका घरात मात्र काहीच जमलं नाही. तिथली आजी स्वतः आजारी होती आणि मूल शेजाऱ्यांच्या भरवशावर असायचं. त्या घरापुढे आमच्याकडे उत्तर नव्हतं. पाळणाघर असतं तर ते मूल तिथे बसलं असतं. त्यासाठी ग्रामपंचायतीला आम्ही अर्ज दिला आहे.

मुलीची वजनं : ऑगस्टअखेर ७.३, सप्टेंबरअखेर ७.६, ऑक्टोबरअखेर ७.९, नोव्हेंबरमध्ये ८.१ किलो. दंडघेर १२.८, म्हणजे पट्टीवर हिरवा. वयाच्या मानाने वजनाच्या तक्त्यावर मात्र ती अजून कमी वजनाच्या रेघेच्या किंचित खालीच आहे. १९ महिन्यांच्या मुलीची ती रेघ ८.२ किलोवर असते. शंभर ग्रॅम राहिले. पण आता ती उठून उभी राहते, पडवीभर धावते आणि सुपातला जवळा पळवते.

माझी दोन वर्षं मार्चमध्ये संपतात. पुढच्या गटासाठी प्रत्येक घराचं एक पान लिहून ठेवलं आहे. या घराच्या पानावर वजनांच्या खाली लिहिलंय : सकाळी अकरानंतर जावं. आईला भेटायचं तर बंदरावर, लिलावाच्या वेळी. वही बाहेर काढू नये. पाऊस सुरू होण्याआधीच नाचणीला मोड आणून वाळवून ठेवावी, तेव्हा ऊन असतं. विहिरीत टीसीएल टाकली का हे पहिल्या पावसानंतर विचारावं. आजींच्या डाव्या बाजूला बसावं, उजव्या कानाने त्यांना ऐकू येत नाही.